गोल घडविणारा गडी

फुटबॉलचा सामना पाहून घरीं परतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न विचारले जातात. "जिंकलें कोण?" हा पहिला, आणि "गोल कोणीं केला?" हा दुसरा. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. गोल करणाऱ्याच्या पायाशीं तो चेंडू आला कसा, त्याच जागीं आणि त्याच क्षणीं तो कोणीं पाठविला, आणि पाठविणाऱ्याला ती जागा इतरांच्या आधीं दिसली कशी, हें जाणून घेण्याची आपल्याला संवय नाहीं. वर्तमानपत्रांतील वृत्तान्तही याच वळणाचे असतात. गोल करणाऱ्याचें नांव, गोलाचें मिनिट आणि अखेरचा आंकडा एवढें छापलें कीं वार्ताहराचें कर्तव्य संपलें. नाटकाविषयीं कोणी असा वृत्तान्त लिहील तर आपण त्याला हंसूं. शेवटच्या अंकांत नायक-नायिकेचें मीलन झालें, एवढेंच सांगून थांबणाऱ्या गृहस्थाला आपण टीकाकार म्हणणार नाहीं. तें मीलन ज्या प्रसंगांनीं अटळ केलें ते प्रसंग कोणते, हें त्याला सांगावें लागेल. फुटबॉलच्या बाबतींत मात्र आपली रसिकता शेवटच्या अंकापाशींच अडून बसली आहे.

या मासिकाच्या कांहीं वाचकांना हा विषय येथें अस्थानीं वाटण्याचा संभव आहे. त्यांना माझी एवढीच विनंती आहे कीं, जो खेळ जगांतील कोट्यवधि माणसें श्वास रोखून पाहतात त्यांतील सौंदर्याचें स्वरूप काय, हा प्रश्न रसविचाराच्या कक्षेबाहेरचा मानूं नये. शिवाय या विषयाकडे मला खेळाच्या आवडीपेक्षां एका रुखरुखीनें ओढून आणलें आहे. ती आधीं सांगतों.

मी किल्लारीचा रहिवासी. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे झालेल्या भूकंपानें आमचें जुनें गांव उद्ध्वस्त केलें, आणि पुढें दुसऱ्या जागीं आंखणी करून नवें गांव वसविण्यांत आलें. जुन्या गांवांत दगडमातीचीं घरें एकमेकांना टेकून उभीं होतीं; नव्या गांवांत रस्ते रुंद, आणि घराघरांमध्यें मोकळी जागा पुष्कळ. या मोकळ्या जागांवर आमचीं मुलें खेळतात. कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि क्रिकेट हे आमच्या भागांतील घरचे खेळ. फुटबॉल हा अजून पाहुणाच आहे. तरीहि दूरचित्रवाणीनें आणि हातांतल्या फोननें या पाहुण्याची ओळख आतां घरोघर करून दिली आहे.

गेल्या हिवाळ्यांत अशाच एका मैदानावर दोन शाळांचा सामना पाहण्याचा योग आला. त्यांतील एका संघाच्या मधल्या फळींत एक सडपातळ मुलगा खेळत होता. चेंडू आपल्याकडे येण्यापूर्वींच तो दोन्ही खांद्यांवरून मागें पाहून घेई, हें माझ्या लक्षांत आलें. चेंडू मिळतांच त्यानें तो प्रतिपक्षाच्या बचावफळीच्या पाठीमागें, जेथें कोणीच नव्हतें अशा जागीं, हलकेच सारला. त्याच्या संघांतील आघाडीचा गडी जागचा हलला नाहीं. चेंडू घरंगळत रेषेबाहेर गेला आणि प्रेक्षक हंसले. थोड्या वेळानें पुन्हां तोच प्रकार घडला. "अरे, दिलास कोणाला? वाऱ्याला?" असें कोणी तरी ओरडलें. तिसऱ्या खेपेस क्रीडाशिक्षकांनीं त्याला बाहेर बोलावून दुसरा मुलगा आंत पाठविला. हंसणाऱ्यांत मीही होतों. घरीं येतांना मात्र तीं तिन्ही दृश्यें मनांतून जाईनात. ती जागा बरोबर होती. आघाडीचा मुलगा चार पावलें आधीं निघाला असता तर त्याच्या आणि गोलरक्षकाच्या मध्यें कोणीहि उरलें नसतें. पुढच्या आठवड्यांत तोच मुलगा मला पुन्हां खेळतांना दिसला. या वेळीं त्यानें प्रत्येक चेंडू जवळच्या जवळ उभ्या असलेल्या सोबत्यालाच दिला. त्याची एकहि चूक झाली नाहीं. खेळ संपल्यावर शिक्षकांनीं त्याची पाठ थोपटली. त्या शाबासकीनें मी जितका अस्वस्थ झालों तितका आदल्या आठवड्याच्या हंशानें झालों नव्हतों.

ज्या भूमिकेचा तो मुलगा तीन वेळां प्रयोग करीत होता तिला इंग्रजींत प्ले-मेकर म्हणतात. अर्जेंटिनांतील लोक त्याला एन्गांचे, म्हणजे आंकडा, म्हणतात. कारण मागची फळी आणि पुढची फळी यांना अडकवून ठेवणारा तो दुवा असतो. परंपरेनें त्याच्या पाठीवर दहा हा आंकडा असतो. मराठींत त्याला अजून रुळलेला शब्द नाहीं. कोणी त्याला संघाचा सूत्रधार म्हणतात, पण ही उपमा मला मुळांतच चुकीची वाटते. सूत्रधाराला नाटक ठाऊक असतें. कोणतें पात्र केव्हां येणार आणि काय बोलणार हें आधींच ठरलेलें असतें. फुटबॉलच्या मैदानावर पुढच्या तीन क्षणांत काय होईल हें कोणासच ठाऊक नसतें, आणि निम्मीं पात्रें तर नाटक मोडण्यासाठींच आलेलीं असतात. शिवाय सूत्रधार प्रस्तावना आटोपून पडद्याआड जातो. हा गडी शेवटपर्यंत लाथा खात रंगभूमीवर उभा असतो.

याहून जवळची उपमा आपल्या घरच्या खेळांत आहे. खो-खोंत पाठलाग करणाऱ्या गड्यानें एकदां दिशा धरली कीं त्याला मध्येंच मागें फिरतां येत नाहीं, आणि मधली पट्टीही ओलांडतां येत नाहीं. पळणारा गडी पट्टीच्या पलीकडे सटकला कीं पाठलाग करणाऱ्याची सारी चपळाई फुकट. अशा वेळीं त्यानें बसलेल्यांपैकीं ज्याचें तोंड पलीकडे आहे अशाच्या पाठीवर थाप देऊन 'खो' म्हणावयाचें आणि त्याच्या जागीं स्वतः बसावयाचें. खो देणारा बसतो, खो घेणारा उठतो, आणि गडी बाद केल्याचें श्रेय उठलेल्याच्या नांवावर जमा होतें. पण ज्यानें खो-खो डोळसपणें पाहिला आहे तो जाणतो कीं, पळणारा खरोखर बाद होतो तो योग्य जागीं, योग्य वेळीं दिलेल्या खोमुळें. गंमत अशी कीं, आपल्या भाषेनें या खेळांतून उचलला तो 'खो घालणें' हा विघ्नवाचक प्रयोग. खो देण्याचा गौरव करणारा तितका रुळलेला वाक्प्रचार मला तरी आठवत नाहीं.

तथापि या दोन खेळांत एक भेद आहे, आणि तोच या भूमिकेचें मर्म आहे. खो मिळालेल्या गड्याला उठावेंच लागतें. तेथें गैरसमजाला फारशी जागा नाहीं. फुटबॉलमध्यें पाठीवर थाप नाहीं कीं हांक नाहीं. देणारा मोकळ्या जागेंत चेंडू पाठवितो आणि त्या जागेचा अर्थ सोबत्याला समजेल अशी आशा करतो. आपल्या साहित्यशास्त्रानें काव्याची पूर्तता सहृदयाच्या ठिकाणीं मानली. कवीनें सुचविलें आणि वाचकाच्या मनांत तें उमटलें, म्हणजे काव्य पुरें झालें. चेंडू देणें हेंही असेंच सुचविणें आहे. सुचविलेलें ज्याला समजलें तो धांवत सुटतो आणि सारें मैदान टाळ्यांनीं दुमदुमतें. ज्याला समजलें नाहीं तो उभा राहतो, आणि मग दोष देणाऱ्याच्या माथीं येतो. किल्लारीच्या मैदानावर त्या दिवशीं उणीव होती ती सहृदयाची. शिक्षा झाली कवीला.

या कलेचें मूल्यमापन कोणत्या कसोटीनें करावें? वेग, ताकद आणि चेंडू घोळविण्याचें कसब हीं दिसणारीं आणि म्हणून सहज मोजतां येणारीं अंगें आहेत. परंतु क्षेमेंद्रानें ज्याला औचित्य म्हटलें तीच येथील खरी कसोटी आहे असें मला वाटतें. अलंकार स्वतः कितीही सुंदर असला तरी जागा चुकली कीं तो हास्यास्पद होतो, आणि अगदीं साधा शब्दहि योग्य जागीं पडला कीं त्याला तेज चढतें. १९७० च्या २१ जून रोजीं मेक्सिकोंत ब्राझीलनें इटलीला ४-१ असें हरवून विश्वचषक जिंकला. त्या सामन्यांतील चौथा गोल कार्लोस आल्बर्तो यानें उजवीकडून वेगानें येऊन मारला. पण तो पाहतांना मला दरवेळीं थक्क करतो तो त्याच्या आधींचा क्षण. पेलेच्या पायाशीं चेंडू येतो. तो घाई करीत नाहीं. प्रतिपक्षाचे गडी त्याच्याकडे ओढले जाईपर्यंत थांबतो, आणि मग उजवीकडच्या रिकाम्या जागेंत चेंडू नुसता लोटून देतो. त्या देण्यांत कसरत मुळींच नाहीं. शाळेंतल्या पोरालाही तेवढें लोटतां येईल. केव्हां लोटावें, हें मात्र त्या क्षणीं त्या मैदानावर त्याच्याइतकें कोणालाच कळलें नव्हतें.

दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. १९८६ च्या विश्वचषक स्पर्धेचें नांव काढलें कीं लोकांना मॅराडोनाचे इंग्लंडविरुद्धचे दोन गोल आठवतात. एक हातानें केलेला म्हणून, दुसरा अर्ध्याहून अधिक मैदान एकट्यानें तुडवून केलेला म्हणून. परंतु अर्जेंटिनाला चषक मिळाला तो त्यानंतर आठवड्यानें, २९ जूनच्या अंतिम सामन्यांत, आणि त्या सामन्यांत मॅराडोनानें एकहि गोल केला नाहीं. पश्चिम जर्मनीनें दोन गोलांची पिछाडी भरून काढून २-२ अशी बरोबरी साधली होती. शेवटचीं कांहीं मिनिटें उरलीं असतां, गड्यांच्या गराड्यांतून मॅराडोनानें एका स्पर्शांत चेंडू पुढें धाडला, बुरुचागा त्यावर धांवला आणि तिसरा गोल झाला. ज्या माणसानें आठवड्यापूर्वीं एकट्यानें सारा संघ चकविला होता त्यानें निर्णायक क्षणीं चकविण्याचा मोह आवरून चेंडू देऊन टाकला. माझ्या मतें त्याच्या कलेची उंची या देण्यानें मोजावी.

हीं परदेशचीं उदाहरणें झालीं. आतां आपल्या घराकडे वळूं; आणि घर म्हणतांना मला वाचकांना थोडें मागें न्यावें लागेल. किल्लारी आज लातूर जिल्ह्यांत आहे. हा जिल्हा १९८२ सालीं झाला. त्यापूर्वीं आमचा औसा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडत असे, आणि १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत सारा मराठवाडा हैदराबाद राज्यांत होता. ज्या राजधानीकडे आमचे वाडवडील कोर्टकचेरीसाठीं आणि शिक्षणासाठीं पाहत असत तें हैदराबाद शहर त्या काळीं भारतीय फुटबॉलचें एक माहेरघर होतें. हैदराबाद सिटी पोलीस संघानें १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पांच वर्षें मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा जिंकली. या संघाला घडविणारे सय्यद अब्दुल रहीम हे पेशानें शिक्षक. पुढें भारतीय संघाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली, आणि त्यांच्या हाताखालीं भारतानें १९५१ सालीं दिल्लीस व १९६२ सालीं जाकार्ता येथें आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें.

रहीमसाहेबांची मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट पदकांच्या यादींत सांपडणार नाहीं. चेंडू पायाशीं घोळवीत एकट्यानें पुढें जाण्याची त्या काळच्या आपल्या खेळाडूंना भारी हौस. ही हौस मोडण्यासाठीं रहीमसाहेबांनीं अशा स्पर्धा भरविल्या कीं ज्यांत चेंडू घोळवीत नेण्यासच मनाई होती. चेंडू आला कीं तो दिलाच पाहिजे. आतां ज्याला येतांच द्यावयाचा आहे त्याला येण्याच्या आधींच चोहोंकडे पाहून ठेवावें लागतें. म्हणजे पायांच्या नियमानें त्यांनीं डोळ्यांना शिक्षण दिलें. शिक्षणशास्त्रावरचीं पुष्कळ पुस्तकें मीं वाचलीं आहेत. इतकी नेमकी युक्ति त्यांत क्वचितच आढळली.

१९५३ च्या २५ नोव्हेंबर रोजीं हंगेरीनें लंडनच्या वेंब्ली मैदानावर इंग्लंडचा ६-३ असा पराभव केला. हिदेगकुटी हा हंगेरीचा मधला आघाडीवीर पुढें उभा न राहतां मागें सरकून खेळे. त्यामुळें इंग्लंडच्या बचावाला त्याच्यामागें जावें कीं जागा धरून बसावें हेंच उमगेना. मागें सरकून पुढचा खेळ रचणाऱ्या गड्याचें महत्त्व या सामन्यानें साऱ्या जगाला पटलें, आणि तें ओळखून आपल्या संघाच्या रचनेंत उतरविणाऱ्या मोजक्या शिक्षकांपैकीं रहीमसाहेब एक होते.

मराठवाडा हैदराबादपासून वेगळा होऊन बरोबर एक महिना झाला होता, तेव्हां, १९५६ च्या १ डिसेंबर रोजीं, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें रहीमसाहेबांच्या संघानें यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असें हरविलें. मूळचा गोव्याचा आणि मुंबईस टाटांच्या संघाकडून खेळणारा नेव्हिल डिसोझा यानें त्या दिवशीं तीन गोल केले. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्यें एकाच सामन्यांत तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. भारत त्या स्पर्धेंत चौथा आला. एवढी मजल त्यानें पुन्हां कधीं मारली नाहीं. डिसोझाचें नांव या तीन गोलांमुळें निदान जाणकारांच्या तरी ओठांवर राहिलें, आणि तें राहावेंच. पण ते चेंडू त्याच्याकडे कोणाकोणाच्या पायांतून आले, हें किती जणांना सांगतां येईल? संघाचा कर्णधार समर बॅनर्जी आघाडीच्या फळींतच खेळत होता. त्याचें नांव तरी किती मराठी घरांत ठाऊक आहे?

त्याच संघांत सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील एका गरीब तमिळ कुटुंबांतला, विशीच्या आसपासचा एक मुलगा होता: तुलसीदास बलराम. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि बलराम या त्रयीचें नांव त्या काळच्या भारतीय फुटबॉलमध्यें एकत्र घेतलें जाई. बलराम आघाडीच्या डाव्या अंगाला खेळे, कधीं मधोमध खेळे, आणि गरज पडली कीं मागें येऊन चेंडू स्वतः घेऊन पुढच्यांना पुरवी. त्यानें गोलही पुष्कळ केले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्यें हंगेरीविरुद्ध आणि पेरूविरुद्ध भारताचा एकेक गोल झाला, ते दोन्ही त्याचेच. आणि १९६१ सालीं कलकत्त्याच्या लीगमध्यें सर्वांत अधिक गोल त्याच्याच नांवावर होते. जाकार्ताच्या सुवर्णपदकाच्या संघांतही तो होता. १९६३ सालीं फुप्फुसांच्या आजारानें ऐन तारुण्यांत त्याचा खेळ सुटला. त्याच वर्षीं रहीमसाहेबही कर्करोगानें वारले.

पी. के. बॅनर्जी आणि चुनी गोस्वामी या दोघांना पुढें पद्मश्री मिळाली. बलरामला १९६२ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पद्मश्री मिळाली नाहीं. २०२३ च्या १६ फेब्रुवारीस तो गेला. या उपेक्षेचीं कारणें अनेक असतील, आणि त्यांचा न्यायनिवाडा करण्याचा मला अधिकार नाहीं. मला येथें एवढेंच नोंदवावयाचें आहे कीं, आपण आज बलरामविषयीं कांहीं सांगूं लागलों तर मींही आतांच केलें तसे गोलच मोजूं लागतों. कारण गोलांची नोंद आहे. त्यानें दिलेले चेंडू कोठेंच नोंदले गेले नाहींत, आणि ते पाहणारे डोळे एकेक करून मिटत चालले आहेत. गोल करणारा इतिहासांत राहतो. घडविणारा समकालीनांच्या स्मरणांत राहतो आणि त्यांच्याबरोबर जातो.

हीच अडचण चित्रपटालाही सुटत नाहीं. रहीमसाहेबांच्या जीवनावर 'मैदान' नांवाचा हिंदी चित्रपट २०२४ सालीं पडद्यावर आला. विस्मृतींत गेलेल्या एका शिक्षकाला त्यानें घरोघर पोंचविलें याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत. परंतु अशा कोणत्याही चित्रपटांत कॅमेरा चेंडूच्या मागें धांवतो, आणि चेंडू द्यावयाचा कोठें हें ठरविण्याचें काम चेंडू येण्यापूर्वीं, चेंडूपासून दूर, एका माणसाच्या मानेच्या हालचालींत होऊन गेलेलें असतें. २०२२ च्या विश्वचषकांत नेदरलंड्सविरुद्ध मेस्सीनें मोलीनाला दिलेला चेंडू आठवावा. नजर एकीकडे, चेंडू दुसरीकडे. पडद्यावर तो चमत्कार वाटतो. वस्तुतः तो त्यापूर्वींच्या कांहीं क्षणांतील निरीक्षणाचा निष्कर्ष असतो. निष्कर्ष दिसतो, निरीक्षण दिसत नाहीं.

आपल्याकडे फुटबॉलचें खरें वेड पहावयाचें तर कोल्हापुरास जावें. तेथें पेठांपेठांतील तालमींनीं हा खेळ आपलासा केला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले कीं अर्धें शहर तेथें लोटतें. तालमींनीं फुटबॉल जगविला हें त्यांचें मोठें ऋण आहे. मात्र मला कधीं कधीं वाटतें कीं, साऱ्या महाराष्ट्रानेंच फुटबॉल पाहतांना कुस्तीचा डोळा वापरला. कुस्तींत कोणीं कोणाला चीत केलें एवढाच प्रश्न असतो, आणि तेथें तो पुरेसाही असतो. कारण पटाचा आणि डावाचा धनी एकच. फुटबॉलमध्यें डाव एकाचा आणि चीत करणारा दुसरा. तेथें कुस्तीच्या डोळ्याला अर्धीच गोष्ट दिसते.

आतां दुसरी बाजू मांडली पाहिजे. ही भूमिका जगांतच मागें पडत आहे, मग तिच्यासाठीं गळा कां काढावा, असा आक्षेप कोणी घेईल. आणि तो पोकळ नाहीं. १९८९ व १९९० सालीं युरोपियन कप जिंकणाऱ्या मिलान संघाचे शिक्षक सॅकी यांनीं अकराही गड्यांना एकत्र पुढें सरकून प्रतिपक्षावर तुटून पडावयास शिकविलें. त्यानंतरच्या फुटबॉलमध्यें विचार करीत उभ्या राहणाऱ्या गड्याला श्वास घ्यावयासही वेळ मिळेनासा झाला. चेंडू गेल्यावर जो मागें धांवत नाहीं त्याचा भार इतर दहांवर पडतो, हें खरें. सारा खेळ एकावर टांगला तर त्या एकाला जखडून प्रतिपक्ष साऱ्या संघाला पांगळें करूं शकतो, हेंही खरें. म्हणून आजचे शिक्षक ही भूमिका एकाकडे न ठेवतां चौघांत वांटून देतात.

वांटणीला माझी हरकत नाहीं; उलट रहीमसाहेबांच्या स्पर्धांचा हेतूही देण्याची दृष्टि सर्वांत वांटावी हाच होता. पण वांटण्यासाठीं ती वस्तु आधीं असावी लागते. २००६ च्या ३० जून रोजीं बर्लिन येथें अर्जेंटिना जर्मनीविरुद्ध १-० नें आघाडीवर होता. तो गोल रिकेल्मेनें मारलेल्या कॉर्नरवर झाला होता. रिकेल्मे हा जुन्या वळणाचा एन्गांचे: संथ, एकलकोंडा, पण ज्याच्याभोंवतीं साऱ्या संघाची लय बांधलेली. सामना संपावयास अठरा मिनिटें उरलीं असतां आघाडी राखण्यासाठीं शिक्षकांनीं त्याला बाहेर घेतलें. आठच मिनिटांत जर्मनीनें बरोबरी केली, आणि पुढें पेनल्टींवर अर्जेंटिना हरला. रिकेल्मे राहिला असता तर निकाल बदलला असता असें मी म्हणणार नाहीं. तें कोणालाच सांगतां येणार नाहीं. मला त्या निर्णयामागची मनोवृत्ति महत्त्वाची वाटते. हातीं आलेलें राखावयाचें ठरलें, कीं प्रथम ज्याला बाहेर बसावें लागतें तो घडविणारा.

याचें कारण उघड आहे. घडविणाऱ्याच्या चुका फार होतात. जवळच्या सोबत्याला चेंडू देणारा दहांतले दहा पोंचवील. बचावाची फळी भेदूं पाहणाऱ्याचे दहांतले सहा-सात फुकट जातील. त्याचें मोल राहिलेल्या तीन-चारांत असतें. तेव्हां जो संघ केवळ चुका मोजतो त्याच्यांत असा गडी कधींच निपजणार नाहीं. तो निपजला तरी, किल्लारीच्या त्या मुलाप्रमाणें, आठवडाभरांत शहाणा होईल.

आणि येथें माझी रुखरुख माझ्याच दारांत येऊन उभी राहते. आमचा लातूर भाग 'लातूर पॅटर्न' म्हणून महाराष्ट्रांत नांवाजलेला आहे. शिस्तबद्ध अध्यापन, पुनःपुन्हां सराव आणि चुकांचें कठोर निर्मूलन या बळावर आमच्याकडील मुलें परीक्षांत पुढें आलीं. शेतकऱ्यांचीं आणि मजुरांचीं मुलें त्यामुळें डॉक्टर-इंजिनिअर झालीं, ही लहान गोष्ट नव्हे. तिची थट्टा करण्याचा अधिकार मला तर नाहींच. परंतु मी इतकीं वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविलें, आणि उत्तरपत्रिका तपासतांना मींही निर्दोष उत्तरालाच गुण दिले. एका विद्यार्थ्यानें एकदां एका कवितेचा असा अर्थ लिहिला होता कीं जो टिपणांत नव्हता, वर्गांत सांगितलेला नव्हता आणि पुरता सिद्धहि झाला नव्हता. मीं त्याला काठावरचे गुण दिले. कांहीं वर्षांनीं तीच कविता पुन्हां शिकवितांना त्याच्या अर्थाची जागा मला एकाएकीं दिसली. त्यानें चेंडू बरोबर जागीं पाठविला होता. जागचा हललों नव्हतों तो मी. तो विद्यार्थी पुढें सर्व प्रश्नांचीं उत्तरें टिपणांबरहुकूम लिहूं लागला, आणि मीं त्याची पाठ थोपटली असेल.

म्हणून फुटबॉलमधील ही भूमिका नष्ट होते कीं राहते, हा प्रश्न मला केवळ मैदानापुरता वाटत नाहीं. संघानें कोणता गडी ठेवावा हें त्याच्या शिक्षकांनीं ठरवावें. तें शास्त्र माझें नव्हे. पाहणाऱ्यांनीं काय पहावें, एवढेंच सांगण्याचा टीकाकाराला अधिकार आहे. पुढच्या वेळीं सामना पाहतांना वाचकांनीं दहा मिनिटें चेंडूवरून नजर काढून मधल्या फळींतील एकाच गड्यावर ठेवून पहावी. तो मान केव्हां वळवितो, कोणत्या रिकाम्या जागेकडे पाहतो, आणि त्याचा चेंडू फुकट गेला तर तो कोणामुळें गेला, हें न्याहाळावें. घरीं आल्यावर मुलांनीं "गोल कोणीं केला?" म्हणून विचारलें तर तें सांगावेंच, पण तो कोणीं घडविला, हें त्यांनीं न विचारतां सांगावें.

त्या मुलाची मात्र मला अजून भेट घ्यावयाची आहे. त्यानें तो चेंडू वाऱ्याला दिला नव्हता, हें त्याला निदान एका माणसानें सांगावयास हवें.